फंक्शन कॉल महाग पडतो का?

अरे, वेग वाढेल म्हणून सगळा कोड चारशे ओळींच्या एकाच फंक्शनमध्ये कोंबू नकोस. सी प्लस प्लसमध्ये साधा कॉल म्हणजे जेमतेम एक-दोन नॅनोसेकंद. -ओ२ (कोड वेगवान करायला सांगणारा कंपायलरचा पर्याय) लावलंस की छोटी फंक्शनं कंपायलर बहुतेकदा स्वतःच इनलाइन करतो, म्हणजे फंक्शनचा कोड कॉलच्या जागी बसवतो, कॉल उरतच नाही.

सध्या एवढंच सांभाळ:

- डीबग बिल्डवर (चुका शोधण्यासाठीचा, -ओ२ न लावलेला प्रोग्राम) वेळ मोजू नकोस. मी मोजला होता. दोन दिवस नसलेल्या दुखण्यावर औषध शोधत बसलो.
- आधी प्रोफाइलर (वेळ नेमका कुठे जातो ते दाखवणारं साधन) चालव. बहुधा लूपमध्ये अडकलेली डेटाबेस क्वेरी सापडेल. तिची एक फेरी १ मिलिसेकंदाची धरली, तरी तेवढ्या वेळात लाखो साधे फंक्शन कॉल झाले असते!

पायथनमध्ये मात्र कॉल खरंच जड. दहा लाख वेळा फिरणारा आतला लूप असेल तर तिथे बघ. सी प्लस प्लसमधले व्हर्च्युअल कॉल (कोणतं फंक्शन चालवायचं ते प्रोग्राम चालताना ठरतं असे) वगैरे नंतर.