अंबड-सातपूरच्या कंपन्यांची वाया जाणारी उष्णता वापरून नाशिकमधली घरं थंडीत गरम ठेवता येतील का?

तुम्ही विचारलंय की युरोपात कारखान्यांची उष्णता पाइपने घरोघरी नेतात, मग आपल्या अंबड-सातपूर एमआयडीसीतली उष्णता जवळच्या सिडको, इंदिरानगर या वस्त्यांना का नाही नेता येणार. मी अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, १४ वर्षं झाली. खोल्या गरम करणं परवडणार नाही, पण आंघोळीचं पाणी जमतं, ते आम्ही करून बघितलंय म्हणून ठामपणे सांगतोय.

आधी तिकडचं बघू. हॅम्बुर्गला ऑरुबिसचा तांब्याचा कारखाना आहे. खनिजातल्या गंधकाचा जो वायू निघतो त्याचं तिथे सल्फ्युरिक ॲसिड करतात आणि ते होताना प्रचंड उष्णता सुटते. पूर्वी ती थंड करण्यातच जायची, २०१८ पासून साधारण ९० अंशाच्या पाण्यातून त्याच शहरातल्या हाफेनसिटी वस्तीच्या पूर्व भागातल्या इमारतींना जाते. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला रिफायनऱ्यांची उष्णता अशीच शहराच्या लाइनमध्ये सोडतात. पण तिथे जमिनीखाली इन्सुलेशनवाले पाइप कितीतरी वर्षांपासून आहेत, घराघरात रेडिएटर आहेत आणि वर्षातले सहा-सात महिने घर तापवावंच लागतं.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली जातो, निफाडला तर त्याहून खाली, द्राक्षवाले बागेत शेकोट्या करून रात्री जागतात, थंडी खोटी नाहीये. पण दुपारी त्याच घरात पंखा लागतो. म्हणजे रस्ता खोदून, खालचा काळा पाषाण फोडून पाइप टाकायचा आणि तो वापरायचा वर्षातल्या चाळीस-पन्नास पहाटे, खर्च कधी निघणार? त्यात आपल्या भिंतींना इन्सुलेशन नाही, खिडक्यांना फटी, आत सोडलेली ऊब तासाभरात बाहेर जाते.

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचं पण बरेच जण विचारतात. तिथे २१० मेगावॅटचे तीन संच, कूलिंग टॉवरमधून वाफ जाताना लांबून दिसते, वाटतं किती उष्णता वाया चाललीये, आणि चाललीच आहे. पण कंडेन्सरमधून, म्हणजे टर्बाइनची वाफ जिथे गार करून परत पाणी करतात तिथून, परत येणारं थंड करायचं पाणी जेमतेम चाळीसेक अंशाचं असतं, ते शहरापर्यंत येईस्तोवर कोमट. जास्त गरम हवं तर टर्बाइनमधून वाफ आधीच काढून घ्यावी लागते आणि तेवढी वीज कमी मिळते. उष्णता किती आहे हे जसं बघायचं तसं ती किती अंशाची आहे हे पण बघायचं.

आता आम्ही काय केलं ते. कंपनीत मशीनांना दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर असतो. ५० एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर म्हणजे साधारण ३७ किलोवॅट, आणि तो खातो त्यातली बहुतेक वीज शेवटी उष्णताच होते, बरीचशी त्याच्या तेलात जाते आणि कूलर ती हवेत सोडून देतो. त्यातली ७० टक्के जरी पकडली तरी फुल लोडवर आठ तासाच्या एका शिफ्टला दोनशे युनिट. २० लिटरची बादली २० अंशावरून ४० वर न्यायला अर्धा युनिट लागतो, म्हणजे चारशे बादल्या, एका मशीनवर! हा हिशेब मी वहीत मांडला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण रस्त्यापलीकडच्या कामगारांच्या होस्टेलमधली पोरं पहाटे पाचला बोअरच्या गार पाण्याने आंघोळ करून ड्युटीला येत होती.

मग तेलाच्या लाइनवर प्लेटचा हीट एक्स्चेंजर (तेलाची उष्णता न मिसळता पाण्याला देणारं यंत्र) बसवला, इन्सुलेशनची टाकी ठेवली आणि होस्टेलला लाइन दिली. आमची चूक इथे झाली की बोअरचं पाणी सरळ एक्स्चेंजरमधून फिरवलं, चार महिन्यांत प्लेटांवर क्षार जमून कॉम्प्रेसर हाय टेम्परेचरवर ट्रिप व्हायला लागला आणि प्रॉडक्शनवाले भडकले, ते बरोबरच होतं. आता एक्स्चेंजरमध्ये सॉफ्टनरचं, म्हणजे क्षार काढलेलं, तेच ते पाणी बंद लूपमध्ये फिरतं आणि टाकीत कॉइल आहे, जुना कूलर पण तसाच ठेवलाय म्हणजे टाकी भरली तरी मशीन अडत नाही. अजून एक, टाकी ६० अंशाच्या आसपास ठेवा आणि नळाला येताना त्यात गार पाणी मिसळा, दिवसेंदिवस कोमट साठवलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात. साप्ताहिक सुट्टीला कॉम्प्रेसर बंद, त्या दिवशी गच्चीवरचा सोलर चालतो. आणि हो, हे सगळं करायच्या आधी एअर लाइनचे लीकेज काढा, नाहीतर वाया घालवलेल्या विजेवर पाणी तापवल्यासारखं होईल.

आपल्याकडे खरी मागणी तर उन्हाळ्यात आहे असं माझं मत. ज्यांच्याकडे भट्टी आहे, धुराड्यातून गरम वायू जातोय, त्यांना ९० अंशाचं पाणी करून लिथियम ब्रोमाइडवालं ॲबसॉर्प्शन चिलर चालवता येतं, ते उष्णता घेऊन ७ अंशाचं थंड पाणी देतं, कॉम्प्रेसरच्या एसीपेक्षा वीज फारच कमी लागते. पुण्याची थरमॅक्स अशी मशीन बनवते. मार्च ते मे ऑफिस आणि क्वालिटी रूम त्यावर गार ठेवता येतील.

तुमचं घर एमआयडीसीपासून दोन-तीन किलोमीटरवर असेल तर गच्चीवर सोलर बसवा, पाइपची वाट बघू नका. पण सोसायटी किंवा होस्टेल एखाद्या कंपनीच्या भिंतीला लागून असेल तर तिथल्या मेंटेनन्सवाल्याला भेटा आणि विचारा कॉम्प्रेसर किती एचपीचा, लोडवर किती तास चालतो, सुट्टी कधी. तेवढे आकडे आणि पाइपचं अंतर इथे खाली टाका, मी हिशेब करून देतो.