विमान आमचं, बोट त्यांची. मधला दिवस कोणाच्या खात्यावर?

प्रश्न : आम्ही दोघं ज्येष्ठ नागरिक. सप्टेंबरमध्ये ॲमस्टरडॅम ते बाझेल ही सात रात्रींची ऱ्हाइन नदीवरची क्रूझ एजंटकडून घेतली. कंपनीचं विमानासहित पॅकेज महाग वाटलं म्हणून तिकिटं मुलीने स्वतः काढली. एका आखाती विमान कंपनीचं भारत ते फ्रँकफर्ट जाण्यायेण्याचं तिकीट आणि पुढे ॲमस्टरडॅमपर्यंत दुसऱ्याच कंपनीचं वेगळं तिकीट. फ्रँकफर्टला सकाळी 6:20 ला उतरायचं होतं, पुढचं विमान 9:40 चं होतं. उतरलो 11 वाजता. दुसरं तिकीट बुडालं. तिथेच 412 युरोला दोघांची नवी तिकिटं घेतली. ते विमान 3:40 ला पोहोचायचं ते 5 ला पोहोचलं. धक्क्यावर सव्वासहाला गेलो, बोट सहाला सुटली होती. रात्री हॉटेल (186 युरो), दुसऱ्या दिवशी रेल्वेने कोलोन (118 युरो) आणि तिथे बोट पकडली. क्रूझ कंपनी म्हणते आमचा संबंध नाही. विमा कंपनीने दावा नाकारला. आमच्या मैत्रिणीला असाच उशीर झाला तर 600 युरो मिळाले, मग आम्हाला का नाही? आणि पुढच्या वर्षी डॅन्यूबला जायचं आहे, तेव्हा काय करावं?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना सर्वात जास्त हळहळ वाटली ती त्या पंधरा मिनिटांची. पण कायद्याच्या दृष्टीने तुमचं प्रकरण त्या धक्क्यावर नाही, फ्रँकफर्टला बिघडलं. खरं तर बुकिंग करतानाच. तुमच्याकडे एक प्रवास होता, करार मात्र चार होते : आखाती कंपनीशी एक, बुडालेल्या तिकिटाचा दुसरा, नव्या तिकिटाचा तिसरा आणि बोटीचा चौथा. प्रत्येक करार आपल्यापुरता बोलतो. दोन करारांमधला सांधा कोणीच विकलेला नाही, त्यामुळे तो तुमच्याकडे राहिला.

आधी मैत्रिणीचे 600 युरो. तो युरोपीय संघाचा नियम आहे, क्रमांक 261/2004. संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तो लागू होतो. बाहेरून संघात येणाऱ्या विमानाला मात्र ते विमान युरोपीय कंपनीचं असेल तरच. तुम्ही येत होता आणि कंपनी आखाती होती, म्हणून तुम्ही बाहेर. मैत्रीण बहुधा परतताना अडकली असेल किंवा युरोपीय कंपनीने गेली असेल. तुमच्या त्याच तिकिटावर, त्याच कंपनीने, फ्रँकफर्टहून परत येताना भारतात पोहोचायला तीन तासांहून जास्त उशीर झाला असता, आणि कंपनीला टाळता न येण्यासारखं असाधारण कारण दाखवता आलं नसतं तर माणशी 600 युरोंपर्यंत मागता आले असते. आखातात विमान बदललं तरीही, कारण एकाच बुकिंगमधला प्रवास सलग धरतात. जाताना शून्य, येताना सहाशे. विचित्र वाटतं खरं, पण नियम तसाच आहे. नव्या विमानाचा उशीर 80 मिनिटांचा, तो तीन तासांच्या आत, म्हणून तिथेही ही ठरावीक रक्कम नाही.

म्हणून सगळं संपलं असं नाही. 1999 चा माँट्रियल करार आहे. भारत त्यात 2009 पासून आहे आणि आपल्या विमान वाहतूक कायद्यात, म्हणजे 1972 च्या कॅरेज बाय एअर ॲक्टमध्ये, तो तिसऱ्या अनुसूचीत आहे. त्याचं कलम 19 सांगतं की उशिरामुळे झालेलं नुकसान कंपनीने भरायचं, आणि उशीर टाळायला शक्य ते सगळं केलं हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर. इथे बक्षिसासारखी ठरावीक रक्कम नसते; पावती दाखवा, तेवढं मागा. उशिराची मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून माणशी 6,303 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ही रक्कम सात-आठ हजार युरोंच्या घरात जाते. तुमचा आकडा त्याच्या जवळपासही नाही.

तुम्ही सोबत जोडलेल्या ईमेलमध्ये कंपनीने उशिराचं कारण दोन शब्दांत उरकलंय : 'ऑपरेशनल रीझन्स'. हे कारण नव्हे, कारणाचं झाकण आहे. कलम 19 खाली एवढ्यावर भागत नाही. पत्रात नेमकं विचारा : बिघाड होता का, कोणता, कधी लक्षात आला, दुसरं विमान का दिलं नाही.

आता कोणाकडून किती, इथे तुम्ही घाई केली आहे. तुम्ही सगळे पैसे आखाती कंपनीकडे मागितलेत : बुडालेलं तिकीट, नवं तिकीट, हॉटेल, रेल्वे, वर बोटीवरची एक रात्र. समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टी बोलेल. एक, जुनं आणि नवं अशी दोन्ही तिकिटं मागता येत नाहीत. उशीर झाला नसता तरी जुन्या तिकिटाचे पैसे गेलेच असते. जादा खर्च झाला तो फक्त नव्याचा. दोन, आणि हे जास्त टोचणारं, तुमची बोट आमच्यामुळे नाही, त्या 80 मिनिटांमुळे चुकली.

यात तथ्य आहे. नवं विमान वेळेवर 3:40 ला उतरलं असतं तर तुम्ही आरामात बोटीवर चहा घेत बसला असता. म्हणून दावा फोडा. 412 युरो आखाती कंपनीकडे. हा खर्च निव्वळ तिच्या उशिराने झाला आणि तुम्ही मध्ये तीन तास वीस मिनिटांचं अंतर ठेवलं होतं. हे अंतर तुमची ढाल आहे. कलम 20 प्रमाणे तुमचा निष्काळजीपणा दाखवून भरपाई कापता येते. मुलीने तासाभराची जोडणी काढली असती तर मी तुम्हाला हे पत्र वेगळ्या सुरात लिहिलं असतं. हॉटेल आणि रेल्वेचे 304 युरो मात्र नवं तिकीट देणाऱ्या तिसऱ्या विमान कंपनीकडे मागा. जर्मनी ते नेदरलँड्स हा आंतरराष्ट्रीय प्रवासच आहे, माँट्रियल करार तिथेही लागतो. 80 मिनिटांना 261 लागत नाही म्हणून भरपाईच नाही, असं लोक गृहीत धरतात, तसं नाही.

खटला कुठे? आखाती कंपनीचं तिकीट जाण्यायेण्याचं आणि सुरुवात भारतात, त्यामुळे करारात 'गंतव्यस्थान' भारत धरलं जातं आणि कलम 33 प्रमाणे इथे दावा चालू शकतो. तिसऱ्या कंपनीचं तिकीट एकेरी, गंतव्य ॲमस्टरडॅम. 304 युरोंसाठी तिकडे कोर्टात जाण्याचा सल्ला मी देणार नाही. ठणठणीत पत्र पाठवा, मिळाले तर मिळाले.

क्रूझ कंपनीचं म्हणणं कडवट असलं तरी बरोबर आहे. युरोपीय संघाच्या 2015 च्या पॅकेज-प्रवास निर्देशात (2015/2302) क्रूझ हे स्वतःच पॅकेज मानतात, कारण राहणं, जेवण आणि वाहतूक एकत्र विकली जाते. पण आयोजकाची जबाबदारी त्याने विकलेल्या गोष्टींपुरती. विमान त्याच्याकडून घेतलं असतं तर उशीर त्याच्या गळ्यात पडला असता. बोट थांबवली असती असं नाही, पण तुम्हाला पुढच्या बंदरावर पोहोचवणं त्याचं काम झालं असतं. महाग वाटलेल्या पॅकेजमधला बराचसा फरक या सांध्याचा असतो. आणखी एक : बऱ्याच नदी-क्रूझ कंपन्यांची नोंदणी बाझेलला असते, आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. तुमच्या करारात कोणत्या देशाचा कायदा लिहिलाय ते बघितल्याशिवाय हा निर्देश कोणाच्या तोंडावर फेकू नका.

माझ्या मते तुमचा महत्त्वाचा पण दुर्लक्षिलेला कागद वेगळाच आहे. एजंटाचा व्हॉट्सॲप मेसेज तुम्ही सहज जोडलाय : 'त्याच दिवशी सकाळी उतरलात तरी चालेल, टेन्शन नको, बोट संध्याकाळी आहे.' क्रूझ विकून कमिशन घेणाऱ्याने दिलेला हा व्यावसायिक सल्ला आहे, आणि तो वाईट सल्ला आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली सेवेतली त्रुटी म्हणून, तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते. जिंकालच असं म्हणत नाही. तो म्हणेल तिकिटं मी काढली नाहीत. पण बोटीवर न मिळालेली रात्र मागायची तर ती इथेच मागावी. तो फोन बदलू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे चॅट पुरावा म्हणून द्यायला प्रमाणपत्र लागू शकतं, ते मूळ फोन हाताशी असेल तर सोपं जातं.

विम्याबद्दल थोडक्यात. व्हिसासाठी लागणारा 30,000 युरोंचा विमा हा आजारपणाचा आणि मायदेशी परत आणण्याचा असतो. बोट चुकणं त्यात बसत नाही, आणि व्हिसा झाला म्हणजे सगळं झालं असं समजून पुष्कळ लोक पॉलिसी उघडतही नाहीत. तुमच्या पॉलिसीत 'जोडविमान चुकणं' आहे, पण व्याख्येत एकच बुकिंग हवं अशी अट आहे, म्हणून तो नकार टिकेल. त्याच पॉलिसीत 'प्रवासाला विलंब' हे वेगळं कलम आहे, चार तासांनंतर लागू. तुमचा उशीर 4 तास 40 मिनिटांचा. विमान कंपनीकडून उशिराचा दाखला घ्या आणि त्या कलमाखाली नवा अर्ज करा. तोही नाकारला तर विमा लोकपालाकडे जा, नकारापासून एका वर्षाच्या आत.

डॅन्यूबचं. स्वतः विमान काढायला माझा विरोध नाही, पण आदल्या दिवशी पोहोचा आणि शेवटच्या शहरापर्यंत एकच बुकिंग ठेवा. न्यूरेंबर्ग–बुडापेस्ट घेणार असाल तर आणखी एक भानगड लक्षात घ्या. स्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा साधारण 70 किलोमीटरचा पट्टा बंधाऱ्यांशिवाय मोकळा वाहतो. पाणी उतरलं की बोटी तिथे अडतात, आणि कंपनी प्रवाशांना बसने पासाऊला नेऊन तिथून चढवते. ऱ्हाइनवर तसंच काउब या गावापाशी होतं. ऑक्टोबर 2018 मध्ये तिथली पाण्याच्या पातळीची मोजपट्टी 25 सेंटिमीटरवर आली होती. (ही नदीची खोली नव्हे, पट्टीवरचा आकडा, पण बोटवाल्यांचा जीव त्यावर टांगलेला असतो.) करारात चढण्याचं ठिकाण बदलण्याचा हक्क कंपनीने राखलेला असतो, आणि बस बोटीपेक्षा काही तास आधी सुटते. तुमचं विमान बोटीच्या वेळेला धरून असेल तर बस चुकेल. सर्बियात जाणारी लांबची क्रूझ घेतलीत तर व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. बेलग्रेडला तुम्ही शेंगेनमधून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून, बाहेर पडता.

आणि बोटीच्या कागदांवर आणीबाणीचा फोन नंबर असतो. तो तुम्ही धक्क्यावरून लावलात. फ्रँकफर्टहून अकरा वाजता लावला असता तर बोटीवरच्या व्यवस्थापकाने कदाचित सांगितलं असतं : ॲमस्टरडॅम सोडा, उद्या कोलोनला या. फ्रँकफर्ट विमानतळावरून कोलोन जलद रेल्वेने तासाभरावर आहे. समोरचे वकील हा प्रश्न विचारतील. उत्तर असं द्या की त्या वेळी हाती असलेलं तिकीट 3:40 ला पोहोचवणारं होतं आणि बोट सहाला होती, त्यामुळे आशा ठेवणं रास्त होतं.

माँट्रियल करारात दावा दाखल करायला दोन वर्षं मिळतात, आणि हा काळ साधारणतः पोहोचल्याच्या तारखेपासून मोजतात. पत्रव्यवहार सुरू आहे म्हणून तो थांबत नाही. बुडालेल्या तिकिटावरचा विमानतळ-कर परत मागता येतो का तेही विचारा. अर्जाची फी कापून फारसं काही उरेल असं नाही, पण त्यासाठी बोर्डिंग पास नसला तरी चालतं.