वाचक विचारतात : आजोबांच्या पिशवीत आता काय भरू?

प्रश्न : ताई, घर बदलताना माळ्यावर आजोबांची शिकारीची पिशवी सापडली. खाकी कॅनव्हासची, दोन्ही खांद्यांवर अडकवायची. आत एक छागल (पाण्याची कापडी पिशवी), शिंगाच्या मुठीचा चाकू, जाळीची थैली आणि तीन काडतुसं निघाली. शिकारीला बंदी आहे हे मला ठाऊक आहे आणि मला ती करायचीही नाही. पण हीच पिशवी पाठीवर घेऊन डिसेंबरात एक अख्खा दिवस नान्नजकडच्या माळावर काढावा असं फार मनात आहे. तिच्यात काय काय घेऊ? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : दादा, भरायचं नंतर बघू. आधी दोन वस्तूंचं बघा.

काडतुसं पहिली. जुनी आहेत, गंजली आहेत म्हणून ती निकामी झाली असं समजू नका. परवान्याशिवाय काडतूस घरात ठेवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. त्यांना हात न लावता, उन्हात किंवा चुलीजवळ न ठेवता जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा आणि त्यांच्या ताब्यात द्या. दुसरा तो चाकू. मूठ म्हशीच्या शिंगाची असेल तर प्रश्न नाही. पण पीळ असलेलं, वेढ्यावेढ्यांचं शिंग असेल तर ते काळविटाचं. आजोबांच्या कागदांत वनखात्याचा मालकीचा दाखला आहे का ते शोधा. नसेल तर स्वतः वनखात्याच्या कार्यालयात जाऊन सांगा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे. आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. फासा लावणं, हाकारा घालून पिटाळणं, अंडी किंवा घरटं मोडणं हेही शिकारच. तेव्हा सशामागे गाडी दामटणाऱ्या मित्रांना सोबत नेऊ नका.

आता पिशवी. तुमच्याकडे आहे तशीच एक माझ्या वडिलांकडे होती. ते स्वतः बंदूकवाले नव्हते. शहरातल्या एका डॉक्टरांच्या मंडळींबरोबर सामान वाहायला जायचे, आणि कायदा आल्यावर ते जाणं थांबलं. त्यांची पिशवी जाताना अर्धी रिकामी असायची. येताना त्या जागेत तितर, लावे, कधी ससा यायचा. जाळीची थैली त्यासाठीच, वारा लागावा, पाखरू आंबू नये म्हणून. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या रिकाम्या जागेत आहे. तिच्यात पाणी भरा.

माळ म्हणजे जंगल नव्हे. सावली नाही, झरा नाही. लांबून दिसणारं एखादं बाभळीचं झाड जवळ गेल्यावर छत्रीएवढी सावली देतं, आणि तीही मेंढरांनी आधीच धरलेली असते. डिसेंबरात पहाटे स्वेटर लागतो म्हणून लोक एक बाटली घेऊन निघतात आणि दुपारी बारालाच परततात. मी पूर्ण दिवसाला चार लिटर नेते. म्हणजे चार किलो ओझं, पण दर तासाला ते हलकं होत जातं. एक मोठा कॅन नको, एकेक लिटरच्या चार बाटल्या घ्या. त्या पाठीला चिकटून उभ्या लावा, नाहीतर पिशवी मागे ओढते आणि संध्याकाळी खांदे भरून येतात. त्यातली एक बाटली परतीची. गाडीजवळ येईपर्यंत तिचं झाकण उघडायचं नाही. बरोबर जलसंजीवनीची दोन पाकिटं ठेवा. डोकं ठणकायला लागल्यावर नुसतं पाणी पिऊन भागत नाही, अंगातलं मीठ गेलेलं असतं.

छागलीचं विचारलं नाहीत, पण तिच्यावर माझा जीव आहे म्हणून सांगते. जाड कापडातून पाणी पाझरतं, वारा ते उडवतो आणि आतलं पाणी गार राहतं. वडील ती जीपच्या पुढच्या बाजूला टांगत. इतक्या वर्षांनी तिच्यातलं पाणी मात्र पिऊ नका, कापडात बुरशी असते. रात्रभर बादलीत भिजत घाला, धागे फुगले की गळती थांबेल. मग ती हाततोंड धुवायला आणि पंचा भिजवायला न्या. ओला पंचा मानेवर टाकला की दुपार निभते.

जेवणासाठी सोलापूरकराला बाहेर बघायचं कारणच नाही. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, एक कांदा, गुळाचा खडा. कडक भाकरी मऊ पडत नाही, चटणी उन्हात विटत नाही, आणि चमचा-ताट लागत नाही. हे फडक्यात बांधा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. ती चुरचुरली की शंभर पावलांवरचं काळवीट मान वर करतं. एकाने मान वर केली की कळप उठतो आणि तुमची सकाळ संपते. काडेपेटी घरीच ठेवा. डिसेंबरात गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं, एका ठिणगीत माळ जातो आणि त्यात जमिनीवर झोपणारी पाखरंही जातात. चहा थर्मासमधून.

बसायला काय न्यायचं, हे कुणी विचारत नाही आणि सगळ्यांचं इथेच चुकतं. माळावर बघायचं ते बसून. चालणाऱ्या माणसाला काळवीट मैलभर दूर ठेवतं. बसलेल्याला तासाभरात विसरतं. मी पहिल्यांदा घोंगडं घेऊन गेले होते आणि घरी येऊन चार दिवस त्यातली कुसळं उपसत होते. लोकरीत कुसळं अशी शिरतात की निघता निघत नाहीत. ताडपत्रीचा दोन हात लांब तुकडा घ्या, झटकला की झालं. पायांत जाड तळाचे बूट हवेत, कारण बाभळीचा काटा स्लीपरमधून आरपार येतो. मोजे विजारीच्या आत, वर पट्टी गुंडाळलेली. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात चिमटा आणि सुई, हाताला लागतील अशी. कपडे मातकट रंगाचे. पांढरी टोपी कितीही आवडती असली तरी त्या दिवशी नको.

दुर्बीण ८ × ४२ ची घ्या. म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची, उजाडतानाच्या अपुऱ्या प्रकाशातही चित्र स्वच्छ येतं. जास्त ताकदीची हातात थरथरते. आणि अकरानंतर कोणतीही दुर्बीण कामाची नाही, तापलेल्या जमिनीवरची हवाच हलू लागते आणि काळविटाचे पाय पाण्यात असल्यासारखे दिसतात. तेव्हा जेवून घ्या, वही काढा, सकाळचं लिहा. पेन्सिलीने लिहा. कॅमेरा पहिल्या दिवशी नेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. डोळ्याला कळप मोजायची सवय लागू दे.

सापांचं. फुरसं लहानसं असतं आणि दगडाखाली बसतं, घोणस गवतात. बसण्याआधी काठीने जागा चाचपा, दगड हाताने उलथू नका. तरीही चावलाच, तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. काठी आणि पंचा लावून तो अवयव हलणार नाही असा ठेवायचा, माणसाला चालू द्यायचं नाही, १०८ला फोन करून सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात. त्यासाठी फोन भरलेला हवा, म्हणून पॉवर बँक. जखमी प्राणी किंवा लावलेला फासा दिसला तर वनखात्याचा क्रमांक १९२६. फासा स्वतः काढू नका, जागा नोंदवून ठेवा.

नान्नज सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने साधारण वीस किलोमीटर. अभयारण्यात वनखात्याच्या चौकीवर नोंद करूनच जा आणि सांगतील तिथेच बसा. १९७९ साली हे अभयारण्य ज्याच्यासाठी झालं तो माळढोक पक्षी तुम्हाला दिसेल असं मी म्हणणार नाही. अख्ख्या देशात ते दीडशेच्याही आत उरलेत. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, आणि एवढं जड पाखरू समोरची विजेची तार वेळेत पाहू शकत नाही. त्याच्यासाठी जाऊ नका. काळवीट बघा, खोकड (माळावरचा लहान कोल्हा) बघा, नशीब असेल तर लांडगा. आणि संध्याकाळी गायरानाच्या कडेला थांबून भोवत्या बघा. मध्य आशियातून हिवाळ्याला येणारे हे शिकारी पक्षी दिवसभर गवतावरून नाकतोडे टिपत फिरतात आणि अंधार पडताना एकेक करून त्याच गवतात जमिनीवर उतरतात. तिथे पाय टाकू नका. परतायला टॉर्च लागेल, तिचा झोत पायांपुढेच ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला माळावर न्यावं का? तिच्या पाठीवर काही द्यावं का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : जरूर न्या, पण अर्धाच दिवस. उजाडताना पोचा, दहाला परत फिरा. तिची वेगळी छोटी पिशवी असू दे आणि तिच्यात तिचंच सामान: अर्धा लिटर पाणी, टोपी, गूळ-शेंगदाणे, वही. दुर्बीण आधी तिच्या हातात द्या, मग तुमच्या.

मीही नऊ वर्षांचीच होते, वडील मला एकदा सोबत घेऊन गेले तेव्हा. परतताना जाळीची थैली माझ्या खांद्याला दिली. तिच्यात दोन तितर होते. चालताना ते माझ्या मांडीला लागत होते आणि अजून कोमट होते. मी घरापर्यंत ती थैली दुसऱ्या खांद्यावर घेतली नाही आणि वडिलांना काही बोलले नाही. तुमच्या मुलीच्या थैलीत वहीच असू दे.