दुसरी किल्ली कापायला देऊ नका

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका वाचकांचं पत्र आहे. नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. अडीच वर्षांपूर्वी कर्जावर घेतलेली पेट्रोल हॅचबॅक, मधली व्हेरियंट, किल्लीने सुरू होणारी. मागच्या वर्षी पत्नीच्या उजव्या मनगटाला फ्रॅक्चर झालं, तेव्हापासून किल्ली फिरवताना त्यांचा हात दुखतो आणि शाळेत शिकवायला जाताना गाडी रोज त्याच चालवतात. कार डेकोरच्या दुकानदाराने बाहेरचं पुश-बटण किट ९,५०० रुपयांत बसवून देतो म्हणून सांगितलंय. दोन तासांचं काम, वर्षाची वॉरंटी, मोबाइलवरून इंजिन चालू करायची सोय आणि 'येताना दुसरी किल्ली घेऊन या'. शोरूमचा प्रस्ताव वेगळा आहे. जुनी गाडी ते ५,२५,००० ला घेतात, कंपनीचंच बटण असलेली वरची व्हेरियंट ऑन-रोड १० लाखांना पडते. कर्जाचे ३,०५,००० बाकी आहेत, हप्ता ११,४०० चा, अजून ३० महिने. पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ५,४०,०००. वाचक विचारतात, 'किट बसवू, गाडी बदलू, की आहे तशीच चालवू?'

वहिनींच्या हाताचं दुखणं खरं आहे. त्यामुळे हा प्रश्न हौसेचा नाही आणि मी तो तसा धरलेलाही नाही. पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबलो, ते दुकानदाराचं: दुसरी किल्ली घेऊन या. ती किल्ली त्याला कशाला हवी आहे, हे कळलं की निम्मा निर्णय आपोआप होतो.

तुमच्या किल्लीच्या प्लॅस्टिकमध्ये एक बारीक चिप असते. तिला बॅटरी नसते. किल्ली घातली की लॉकभोवतीची तारेची रिंग त्या चिपला वीज पुरवते, चिप आपला कोड सांगते आणि तो जुळला तरच इंजिनचा कॉम्प्युटर गाडी चालू होऊ देतो. हाच इमोबिलायझर. नुसत्या पात्याची हुबेहूब नक्कल केली, तरी चिपशिवाय इंजिन धरत नाही. बाहेरच्या किटला हा कोड माहीत नसतो. मग कारागीर काय करतो? स्टिअरिंगखालचं कव्हर उघडतो, तुमची दुसरी किल्ली फोडून चिप काढतो आणि त्या रिंगजवळ टेपने कायमची चिकटवतो. वरून कव्हर लावलं की काही दिसत नाही. गाडीला मात्र त्या दिवसापासून चोवीस तास वाटत राहतं की मालक किल्ली घेऊन आत बसलाय. कंपनीने दिलेलं सगळ्यात भक्कम कुलूप तुम्ही ९,५०० रुपये मोजून उघडं करून घेतलेलं असतं. यापुढे कव्हर खेचून दोन वायरी जोडता येणाऱ्या कुणालाही ती गाडी चालू करता येते.

स्टिअरिंग लॉकचंही तसंच. किल्ली काढल्यावर स्टिअरिंग अडकवणारी खीळ त्याच लॉकच्या नळीत असते. बटणाने चालवायचं तर ती खीळ कायम मोकळी ठेवावी लागते. म्हणून कुणी कापलेली किल्ली लॉकमध्येच फिरवून ठेवतो, कुणी खीळच काढून टाकतो.

काही किट याहून बरी असतात. त्यांत चिप एका डबीत राहते आणि रिमोट ओळखल्यावरच रिलेतून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचमधून, जोडली जाते. दुकानदाराला नेमकं हेच विचारा. उत्तर देताना तो गडबडला, तर तुमचं किट पहिल्या प्रकारचं आहे असंच समजा.

आता रिमोट. कंपनीच्या स्मार्ट किल्लीतही धोका आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. २०११ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी आठ कंपन्यांची दहा मॉडेल्स तपासली. घरातल्या किल्लीचा सिग्नल दोन उपकरणांनी गाडीपर्यंत ताणून नेला आणि दहाच्या दहा गाड्या उघडून चालू करून दाखवल्या. त्यानंतर कंपन्यांनी काही सुधारणा केल्या आहेत. स्वस्त किटची गोष्ट मात्र आणखी खालची. त्यातल्या कित्येकांचा कोड दर वेळी बदलत नाही. एकदा हवेतून पकडला की तोच पुन्हा वाजवता येतो. शिवाय त्यांची रेंजही सैल असते. तुमची गाडी पेठेतल्या बोळात घराच्या भिंतीला लावलेली आणि रिमोट त्याच भिंतीच्या आतल्या खुंटीवर. मधे नऊ इंचांची वीट. रिमोट जवळच आहे असं समजून गाडी रात्रभर उघडी राहू शकते आणि त्यासाठी चोराला कुठलंही उपकरण लागत नाही.

चोरीइतकीच दुसरीही भीती मला वाटते. या किटमध्ये इग्निशनचा सगळा करंट एका छोट्या डबीतल्या रिलेंमधून जातो आणि मूळ वायरी कापून, सोलून जोड दिलेले असतात. चांगल्या हाताने सोल्डर करून, फ्यूज टाकून काम केलं तर ते टिकतं. दोन तासांत उरकलेल्या कामात नुसता पीळ आणि टेप असते. असा जोड करूळ किंवा फोंडा घाटाच्या उतारावर सुटला, तर चालत्या गाडीचं इंजिन बंद पडतं. स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांनंतर साथ सोडतो. दुखऱ्या मनगटाने ते स्टिअरिंग ओढायचं कसं? वहिनींच्या सोयीसाठी बसवलेली वस्तू नेमक्या त्या क्षणी त्यांच्याच हातावर भार टाकेल. मोबाइलवरून इंजिन चालू करायची सोय तर मॅन्युअल गाडीत नकोच. गिअरमध्ये उभी असलेली गाडी स्टार्टर फिरताच पुढे उडी घेते आणि तुमच्या बोळात मुलं खेळत असतात.

आता पैशांचं बोलू. लोक किटची किंमत मोजतात, मी पॉलिसी मोजतो.

गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी एफआयआर, आरसी, आरटीओचे फॉर्म आणि तपास न लागल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल मागते, ज्याला आपल्याकडे ए समरी म्हणतात. त्यासोबत दोन्ही मूळ किल्ल्याही मागते. एकच किल्ली पुढे केलीत की पहिली शंका येते: दुसरी गाडीतच राहिली होती का? तुम्ही खरं सांगणार, की ती कापून डॅशबोर्डखाली बसवली आहे. म्हणजे शंका खरीच ठरली! पॉलिसीच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं की वाहन सुरक्षित राहावं म्हणून मालकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे. इमोबिलायझर स्वतःच निकामी करून घेतला, ही गोष्ट त्या अटीपुढे कशी टिकणार?

कंपनीने दावा पूर्ण फेटाळला तर हिशोब असा. ५,४०,००० ची गाडी गेली, बँकेचे ३,०५,००० तसेच उभे आणि ३० महिने ११,४०० चा हप्ता नसलेल्या गाडीसाठी भरायचा. ग्राहक आयोगात दाद मागता येते. अटीचा भंग झाला तरी दावा नॉन-स्टँडर्ड धर्तीवर, म्हणजे रक्कम कापून, ७५ टक्क्यांपर्यंत मंजूर करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात मान्य केलं आहे. समजा तुम्हाला तेवढे मिळाले. ७५ टक्के म्हणजे ४,०५,०००. गाडीवर बोजा असल्यामुळे त्यातले ३,०५,००० आधी बँकेचे. तुमच्या हातात एक लाख. दावा स्वच्छ असता तर २,३५,००० आले असते. म्हणजे भांडून, वर्ष-दोन वर्षं खेटे घालून, जिंकूनसुद्धा तुम्ही १,३५,००० गमावता. ९,५०० रुपयांच्या वस्तूची ही खरी किंमत मी तुमच्यापुढे ठेवतोय. गाडी चोरीला जाईलच असं माझं म्हणणं नाही. पण ज्या नुकसानीने घराचं बजेट दोन-अडीच वर्षं कोलमडेल, त्याचं विम्याचं छत्र स्वतःच्या हाताने फाडायचं नाही, या बाबतीत मी कुठल्याही ग्राहकाला सवलत देत नाही.

'कंपनीला कळवून बसवलं तर?' हा रास्त प्रश्न. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी पॉलिसीत वेगळी नोंद करता येते. विम्याच्या जुन्या टॅरिफप्रमाणे (दरपत्रकाप्रमाणे) त्या वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के, म्हणजे ९,५०० वर ३८० रुपये आणि वर जीएसटी. रक्कम किरकोळ आहे. पण नीट समजून घ्या, या नोंदीने किटचा विमा होतो. इमोबिलायझर बायपास केल्याला कंपनीची संमती आहे, असं त्यातून सिद्ध होत नाही. ती संमती ईमेलवर, स्पष्ट शब्दांत मिळाली तरच तिला अर्थ. एजंट फोनवर 'काही होत नाही साहेब' म्हणाला, ते दाव्याच्या वेळी कुठेही उभं राहत नाही. आरटीओची चिंता मात्र सोडा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरचा तपशील बदलणाऱ्या फेरफारांबद्दल आहे, बटणाने तो बदलत नाही. आणि वायरिंगला हात लागला की इलेक्ट्रिकल भागाची कंपनी वॉरंटी सर्व्हिस सेंटर नाकारू शकतं, हे तुमची वॉरंटी शिल्लक असेल तर लक्षात ठेवा.

गाडी बदलण्याबद्दल. ५,२५,००० मधून जुनं कर्ज फेडून २,२०,००० उरतात. ते भरले की नव्या गाडीसाठी ७,८०,००० चं कर्ज लागेल. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण १६,३८० बसतो. आज तुम्ही ११,४०० भरता आणि ३० महिन्यांत मोकळे होता. बदललीत तर ६० महिने अडकता आणि पुढच्या पाच वर्षांत खिशातून जवळपास ६,४०,००० जास्त जातात. बदल्यात नवी गाडी मिळते, हे मान्य. पण पत्रात तुम्हीच लिहिलंय की गाडीची काही तक्रार नाही, अडचण फक्त किल्लीची आहे. मग किल्लीसाठी गाडी बदलायची नाही. ३० महिन्यांनी कर्ज फिटेल, तेव्हा हप्त्याचे ११,४०० दर महिन्याला रिकरिंगमध्ये टाकत राहा. दोन वर्षांत मुद्दलच २,७३,६०० होतील. त्या वेळी कंपनीचं बटण असलेली गाडी आनंदाने घ्या, तीही वहिनींना क्लचचा त्रास नको म्हणून ऑटोमॅटिक.

तोपर्यंत हाताचं काय? इथे मला एक गोष्ट तपासून बघावीशी वाटते. तुम्ही लिहिता की किल्ली सकाळी घरासमोर जड जाते आणि शाळेत 'त्या मानाने बरी' फिरते. बोळात गाडी भिंतीला घासून लावताना पुढची चाकं वळलेली राहतात. स्टिअरिंग लॉकच्या खिळीवर ताण येतो आणि किल्ली अडते. तेव्हा गाडी लावताना शेवटी चाकं सरळ करायची. सकाळी डाव्या हाताने स्टिअरिंग किंचित हलवत किल्ली फिरवायची. खिळीवरचा ताण सुटला की किल्ली बोटाच्या हलक्या जोराने फिरते. याला पैसा लागत नाही. आठवडाभर करून बघा.

तरी जड वाटली तर लॉकमध्ये ग्रॅफाइट पावडर मारून घ्या. तेल नको, त्याने धूळ बसते. नळी झिजली असेल तर सर्व्हिस सेंटरमधून बदला. किल्लीच्या डोक्यावर बसणारी रुंद मूठही मिळते, संधिवाताचे रुग्ण वापरतात तशी. नाही मिळाली तर शिवाजी उद्यमनगरात एखादा टर्नर नायलॉनची बनवून देईल. चार बोटांच्या रुंदीची मूठ असली की मनगट न पिळता तळहाताने ढकलून किल्ली फिरते. फक्त ती हलकी असावी, गुडघ्याला लागू नये आणि गाडी चालू झाल्यावर काढता यावी. वहिनींच्या फिजिओथेरपिस्टना एकदा दाखवून घ्या, पकड कशी हवी ते त्यांना जास्त कळतं.

९,५०० बाजूला काढलेच आहेत तर त्यातून स्टिअरिंग व्हीलवर बसणारं लोखंडी लॉक आणि सिम असलेला जीपीएस ट्रॅकर घ्या. ट्रॅकर वायर न कापता लागणारा बघा. गाडी रात्री बोळात उघड्यावर असते, त्यामुळे हा खर्च मला पटतो. उरलेले कर्जात भरा.

हे सगळं करूनही वहिनींना बटणच हवं झालं, तर माझ्या अटी अशा: रिलेमार्गे चिप जोडणारं आणि कोड बदलणारं किट, मोबाइल स्टार्ट बंद, आणि कापण्यासाठी सर्व्हिस सेंटरमधून तिसरी किल्ली प्रोग्रॅम करून घ्यायची. तिला काही हजार लागतील. तिचं बिल जपून ठेवा, दोन मूळ किल्ल्या घरात शाबूत राहू द्या. आणि विमा कंपनीची लेखी संमती हातात आल्याशिवाय गाडी दुकानात न्यायची नाही. कंपनीला ईमेल करताना 'पुश बटण बसवतोय' एवढंच लिहू नका. 'इमोबिलायझर बायपास मॉड्यूलसह' असं लिहा आणि चोरीचा दावा या कारणावरून नाकारला जाणार नाही ना, हे थेट विचारा. उत्तर आलं तर मला पाठवा, ते वाचून मी पुढचं सांगेन.