ऑपरेशन उत्तम झालं, मग आई चालत का नाही?

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या घरांतून हा प्रश्न मला सतत येतो. एक्स-रे चांगला, टाके निघालेले, पायावर भार द्यायला सर्जनची परवानगी; आणि आई वॉकर पाहताच म्हणते, ‘उद्या बघू.’ मुलांना तो हट्ट वाटतो. मला बहुतेकदा भीती दिसते.

एका काकूंची मुलगी पावलागणिक ‘सांभाळ, पडशील!’ म्हणायची. काकू कितीतरी दिवस ‘पाय साथ देत नाही’ यापलीकडे बोलेनात. शेवटी मी विचारलं, ‘पडलात त्या दिवशी सगळ्यात वाईट काय होतं?’

त्या बराच वेळ चादरीची कड चुरगाळत राहिल्या. ‘हाका मारत होते. दुपारभर. कुणी आलंच नाही.’

मुलगी रडायला लागली. ती कामावर होती तेव्हा.

काकूंना धास्ती होती ती पडण्यापेक्षा पडून राहण्याची. म्हणूनच ‘नाही पडणार तुम्ही’ हा धीर त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. भीतीचा असा नेमका पत्ता लागतो, तेव्हा माझ्या कामाचं चीज होतं. फोन गळ्यात अडकवायचा आणि हाक कुणाला मारायची, हे आम्ही तिथेच ठरवलं. पुढे फिजिओथेरपिस्टनं, योग्य वेळ आल्यावर, जमिनीवरून खुर्चीला धरून उठायलाही शिकवलं. पण फोन गळ्यात आला त्याच आठवड्यात काकू वॉकर घेऊन मोरीपर्यंत गेल्या होत्या.

‘धीर आला की चालेन’ असं पेशंट म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे: आधी दोन पावलं, मग धीर. थांबणं महागात पडतं, कारण अंथरुणात स्नायू झपाट्यानं झडतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा, छातीत कफ साठण्याचा धोका वाढतो. दुखतं म्हणून चालणं टळत असेल तर वेदनाशामक गोळीची वेळ व्यायामाच्या आधी येईल अशी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि ‘सांभाळ’ऐवजी कामाचं सांगा: आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला.

पोटरी सुजली, धाप लागली किंवा खुबा अचानक जास्त दुखू लागला, तर मात्र ती भीती समजू नका. लगेच डॉक्टरांना गाठा. साध्या पडण्यानं हाड मोडलं असेल, तर हाडांच्या ठिसूळपणावरच्या उपचारांबद्दलही त्यांना आवर्जून विचारा. ऑपरेशनच्या गडबडीत ते हमखास राहून जातं.