मॉर्फिननंतर बीपी पडलं, म्हणजे ॲलर्जी का?

भाऊ, तुमचा पेशंट असा: बंडी उलटून मांडीचं हाड मोडलेला पन्नाशीतला शेतकरी, नाडी 124, बीपी 138/104. मॉर्फिन (दुखणं थांबवायचं जोरदार औषध) 6 मिलिग्रॅम एकदम शिरेतून दिलं आणि दहा मिनिटांत बीपी 84/50, नाडी 130.

मला यात ॲलर्जी दिसत नाही. ते 138 दुखण्यानंच धरून ठेवलेलं होतं. वेदनेनं ॲड्रेनलिन, नॉरॲड्रेनलिन सुटतं, नाडी पळते, रक्तवाहिन्या आवळतात. मांडीच्या हाडाभोवती लिटर-दीड लिटर रक्त बाहेर थेंब न दिसता मुरतं, आणि ती तूट या आवळण्यानं झाकली होती. मॉर्फिननं मेंदूकडून येणारा तो जोर उतरवला, वर हिस्टामिन सोडून शिरा सैल केल्या. रक्त कमी झाल्याची खूण आधीच समोर होती: 138 आणि 104 मध्ये फक्त 34 चं अंतर. सोबत हात गार असतील, नख दाबून सोडल्यावर लाली यायला 2 सेकंदांहून जास्त लागत असतील, तर बीपीच्या आकड्यावर भरवसा नको.

म्हणून मॉर्फिन बंद करू नका, थोडं थोडं करून द्या. आधी शिरेत दोन जाड सुया, रिंगर लॅक्टेट (क्षारांचं सलाईन), थॉमस स्प्लिंट (पाय ताणून धरणारी चौकट). (बरंचसं दुखणं स्प्लिंटच कमी करतो.) मग 10 मिलिग्रॅमचं ॲम्प्यूल सलाईननं 10 मिली करा, 15 चं असेल तर 15 मिली. लेबल वाचाच. एका वेळी 1-2 मिली, 5 मिनिटं थांबून बीपी बघून पुढचं. कमरेत टोचू नका: गार पडलेल्या स्नायूत औषध साचतं आणि सलाईननं रक्त फिरायला लागलं की सगळं एकदम चढतं.

पेंटाझोसिन हे दुसरं वेदनाशामक हाताशी असतं म्हणून सर्रास देतात. ते उलट बीपी आणि फुफ्फुसातला दाब वाढवतं, हार्ट अटॅकवाल्याला नकोच.

तरीही बीपी पडलं तर नाडी बघा. नाडी पळत असेल तर रक्त कमी आहे, सलाईन वाढवा, रक्ताची सोय बघा. नाडी 50 च्या खाली असेल तर व्हेगसचा (हृदयाची गती मंदावणाऱ्या नसेचा) परिणाम, नाडी वाढवायला ॲट्रोपिन 0.6 मिलिग्रॅम.

पाय ताणून बसवला की दुखणं अचानक थांबतं, मॉर्फिन मात्र अंगात तसंच असतं. श्वास तेव्हाच मंदावतो. मिनिटाला 8 च्या खाली गेला तर आधी बॅग-मास्कनं (हातानं दाबायच्या फुग्यानं) श्वास द्या, आणि नॅलोक्सोन (मॉर्फिनचा उतारा) 0.4 मिलिग्रॅम 10 मिली करून 1-1 मिली. अख्खं एकदम दिलं तर वेदना परत उसळते, बीपी एकदम वर चढतं, कधी फुफ्फुसात पाणी भरतं. नॅलोक्सोनचा असर मॉर्फिनच्या आधी उतरतो, म्हणून जिल्ह्याला पाठवताना गाडीत श्वास मोजणारा माणूस आणि नॅलोक्सोनचं दुसरं ॲम्प्यूल हवंच.