वाचक विचारतात : पोट नेमकं कुठे दुखतंय?

प्रश्न : माझ्या १४ वर्षांच्या मुलाचं रात्री बेंबीपाशी दुखायला लागलं. मग एक उलटी झाली. आजी म्हणाल्या, बेंबी सरकली असेल, म्हणून तेल लावून पोट चोळलं, थोडं एरंडेल दिलं आणि शेकलं. दुसऱ्या दिवशी दुखणं उजवीकडे खाली आलं. दवाखान्यात नेईपर्यंत अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं, आता तो बरा आहे. पण आम्हाला कळायला कुठे हवं होतं? (एक आई, नाशिक)

उत्तर : सुरुवातीला बेंबीपाशी दुखलं, तिथेच बहुतेकांची फसगत होते. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लटकणारी, साधारण ६ ते १० सेंटीमीटर लांबीची बंद नळी. तिचं तोंड घट्ट मळाच्या खड्याने किंवा सुजेने बुजलं की ती आतून फुगते. तिच्या नसा पाठीच्या कण्यात जिथे पोहोचतात, तिथेच बेंबीभोवतालच्या त्वचेच्या नसाही येतात. मेंदूला दोन्हींत फरक करता येत नाही आणि दुखणं बेंबीपाशी वाटतं. काही तासांनी सूज बाहेर पसरून पोटाच्या आतल्या अस्तराला लागली, की त्या अस्तराच्या नसा अचूक जागा सांगतात. म्हणून दुखणं ‘सरकतं’. बेंबी मात्र जागची हलत नसते, पोटात सरकून बसेल असा कुठलाही अवयव तिच्याखाली नाही.

ती जागा अशी शोधा. कमरेच्या उजव्या हाडाचं पुढचं टोक बोटाने चाचपा, तिथून बेंबीपर्यंत मनात रेघ ओढा आणि हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर थांबा. तिथे हलकं दाबल्यावर मूल कळवळलं, तर तेवढं पुरे. पुन्हा पुन्हा दाबू नका. त्याला टाचांवर एक उडी मारायला सांगा किंवा खोकायला सांगा; तेव्हा त्याच जागी दुखलं, तर ती खूण. रिक्षा गतिरोधकावरून गेली की मूल पोट धरून कण्हतं, हीसुद्धा महत्त्वाची खूण समजा. उजवा गुडघा पोटाशी घेऊन निजणं, जेवणावरची वासना पूर्ण जाणं आणि अंगात थोडा ताप येणं ही बाकीची लक्षणं. क्रमही ध्यानात ठेवा : अपेंडिक्समध्ये बहुधा आधी दुखतं, मग उलटी होते. बाहेरचं खाऊन पोट बिघडलं असेल तर बरेचदा उलटी-जुलाब आधी सुरू होतात.

एरंडेल देऊ नये, कारण जुलाबाच्या औषधाने आतड्यांची हालचाल आणि आतला दाब वाढतो आणि फुगलेली नळी फुटायचा धोका वाढतो. चोळणंही टाळा. शेकल्याने दुखणं तात्पुरतं दबतं आणि तेवढे तास हातचे जातात. साधारण ३६ तासांनंतर फुटण्याचा धोका चढत जातो, लहान मुलांत त्याआधीही. मध्येच एकदम आराम पडून पुन्हा सगळं पोट कडक होऊन दुखायला लागलं, तर अपेंडिक्स फुटलेलं असू शकतं. पॅरासिटामॉल दिल्याने निदान झाकलं जात नाही. वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळी देता येतं. मात्र निघण्यापूर्वी खायला काही देऊ नका, भूल द्यायची झाल्यास पोट रिकामं हवं.

आजींना दोष देऊ नका. त्यांनी मायेने केलं, फक्त या दुखण्यात ते उलटं पडतं.

प्रश्न : वय ५२. गुडघ्यांसाठी वर्षभर डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी घेतो. हल्ली जेवणाआधी पोटात वरच्या बाजूला जळजळून दुखतं. पित्ताचं पातळ औषध प्यायलं की थांबतं. (सांगली)

उत्तर : हे निव्वळ पित्त नसावं. अशा गोळ्या जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात आणि तिथे व्रण पडू शकतो. पातळ औषध तासाभराचा आराम देतं आणि व्रण तसाच राहतो. गोळी आजच थांबवा, गुडघ्यांसाठी दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा. या वयात नव्याने सुरू झालेल्या अशा त्रासासाठी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. जठरातल्या एच. पायलोरी जंतूंचीही तपासणी होईल. तो सापडला तर बहुधा १४ दिवसांचा औषधांचा कोर्स असतो, तो अर्ध्यात सोडू नका.

शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं झालं, तर आत रक्तस्राव होतोय; त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणखी एक : जिना चढताना दुखून थांबल्यावर जाणारं ‘पित्त’ हृदयाचं असू शकतं. मधुमेह असेल तर ईसीजी लगेच काढा.

प्रश्न : ४ मिलिमीटरचा मूतखडा निघाला. दूध आणि टोमॅटो बंद करू का? मित्र बिअर प्यायला सांगतात. (अकोला)

उत्तर : दूध-टोमॅटो बंद करू नका आणि बिअरही नको. दुधातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला (ज्यापासून बहुतेक खडे बनतात, त्या अन्नातल्या घटकाला) बांधून बाहेर नेतं. दूध सोडल्याने उलट जास्त ऑक्झलेट मूत्रपिंडात उतरतं. कमी करायचंय ते मीठ : दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाणही मोजायचं. लघवी दिवसाला अडीच लिटर व्हायला हवी. अकोल्याच्या उन्हात त्यासाठी साडेतीन-चार लिटर पाणी लागेल. लघवीचा रंग फिका राहिला की पाणी पुरेसं झालं.

एवढा खडा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप पडतो. कळ पाठीतून जांघेकडे उतरते आणि माणसाला एका जागी बसवत नाही. अपेंडिक्सचा रुग्ण मात्र हलायलाच घाबरतो. कळ चालू असताना घटाघटा पाणी पिऊन खडा ढकलला जात नाही. वर ज्या डायक्लोफेनॅकला नको म्हटलं, तेच इथे मूत्रपिंड आणि जठर ठीक असेल तर, डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन दिवस, उत्तम काम करतं. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली तर घरी थांबू नका.

प्रश्न : ८ वर्षांच्या मुलीचं शाळेच्या वेळीच पोट दुखतं. जंत की नाटक? (ठाणे)

उत्तर : नाटक नाही. ताणाने आतड्याच्या नसा खरोखर हळव्या होतात. बद्धकोष्ठता हेही नेहमीचं कारण. नाश्त्यानंतर पायाखाली पाट देऊन ५-१० मिनिटं शौचाला बसवा. जंतांची अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची गोळी शाळेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास मिळते, ती चुकवू नका, चावून खायला लावा. दोन आठवडे वहीत वेळ, जागा आणि शौचाची नोंद ठेवा. शाळा मात्र बुडवू देऊ नका. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, बेंबीपासून दूरची जागा, घटतं वजन, शौचात रक्त किंवा हिरवी उलटी यांतलं काही दिसलं, तर वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. हिरवी उलटी असेल तर लगेच.